बिंदू वर जात नाही

"मॅडम, हा बिंदू वर जात नाही," खिडकीजवळच्या संगणकावरून एक मुलगी म्हणाली. नळाला पाणी नाही हे सांगावं, इतक्या साध्या आवाजात. तास संपत आला होता. बाकीच्या गटांनी आपापला निष्कर्ष फळ्यावर लिहून टाकला होता आणि ते एकमेकांच्या अक्षराला हसत होते. ती, त्यांची गणिताची मॅडम, नेहमीसारखी मागच्या भिंतीला टेकून उभी होती, हात पाठीमागे बांधून. खडू हातात आला की माणूस सांगायला लागतो, म्हणून वर्गात ती खडूला शिवत नसे. हा तिचा एक नियम. दुसरा असा की 'बरोबर' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, आणि 'चूक' तर नाहीच नाही. पोरं मागून तिला प्रश्नचिन्ह म्हणत, हे तिला माहीत होतं, आणि खरं तर आवडतही होतं. बोलणाऱ्या मुलीचंही वर्गानं एक नाव पाडलं होतं, खोडरबर, कारण गटातल्या कुणी फळ्यावर काही लिहिलं की पुसायला पहिली हीच उठायची. भिंत सोडून मॅडम संगणकाजवळ गेली. पडद्यावर तिनंच तयार केलेला त्रिकोण होता. खाली आडवा पाया, वर शिरोबिंदू, आणि तिन्ही कोपऱ्यांतून समोरच्या बाजूंवर टाकलेले लंब जिथे एकमेकांना भेटतात तिथे एक लाल ठिपका. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: वरचा बिंदू डावी-उजवीकडे ओढा आणि लाल ठिपका काय करतो ते बघा. लाल ठिपका मागे खूण सोडत जायचा आणि ती खूण म्हणजे फेकलेल्या चेंडूची वाट असायची, पायाच्या एका टोकातून उठून दुसऱ्या टोकात उतरणारी कमान. पॅराबोला. एवढ्या सरळ रेघांमधून ही वाकडी गोष्ट उगवताना बघून दरवर्षी कुणीतरी "आयला" म्हणायचं आणि मग जीभ चावायचं. त्या एका "आयला"साठी ती हा तास घेत असे. खोडरबरनं माऊस वरच्या दिशेनं ओढला. बाण पडद्याच्या कडेला जाऊन टेकला, बिंदू जागचा हलला नाही. मग तिनं तिरका ओढला, तेव्हा बिंदू बाणाच्या खालून गुपचूप आडवा सरकला, तारेला साखळी अडकवलेल्या कुत्र्यासारखा.

"तुला काय वाटतं, का जात नसेल?" तिनं विचारलं. तो प्रश्न शिंकेसारखा आपोआप बाहेर पडला. खोडरबरनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. "मला काय वाटायचंय त्यात. तुम्हीच बांधलाय ना तो," असं म्हणत तिनं वरच्या पट्टीतला एक पर्याय निवडला. लपवलेलं सगळं दाखवा. पडद्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक करडी, तुटक रेघ उमटली. पायाला समांतर, शिरोबिंदूच्या पोटातून आरपार गेलेली. आजूबाजूचे दोन-तीन जण वाकून बघायला लागले. "म्हणजे मॅच फिक्स होती," कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. तीही हसली. हसताना तिला आपल्या चेहऱ्याची कातडी जाणवली, वाळत आलेल्या साबणासारखी ओढलेली. रेघ तिनं वाईट हेतूनं लपवलेली नव्हती. हात थरथरला, बिंदू जरा वर-खाली झाला, की कमान बिघडते आणि पोरांचा हिरमोड होतो, म्हणून काही वर्षांपूर्वी तिनं शिरोबिंदू त्या रेघेला अडकवून टाकला होता आणि रेघ डोळ्यांत खुपते म्हणून झाकली होती. स्वयंपाकघरात गॅसची नळी ओट्याखाली घ्यावी, तशी. पण आता खोडरबर डस्टर घेऊन फळ्याकडे चालली होती. फळ्यावर चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत चार वाक्यं होती आणि चारही वाक्यांत एकच गोष्ट लिहिलेली होती: शिरोबिंदू कुठेही हलवला तरी लाल ठिपका त्याच पॅराबोलावर राहतो. खोडरबरनं एकेका वाक्यातला 'कुठेही' तेवढा पुसला. बाकी सगळं तसंच ठेवलं. पांढुरक्या पट्ट्यांची चार भोकं घेऊन फळा उभा राहिला आणि तास संपल्याची घंटा झाली.

कुठेही. दरवर्षी हा शब्द त्या फळ्यावर लिहिला गेला होता. त्याचे फोटो तिच्याकडे होते. शिक्षकांच्या एका परिषदेत तिनं ते भल्यामोठ्या पडद्यावर दाखवले होते आणि मी काहीही सांगितलेलं नाही, हे त्यांचं त्यांनी शोधलं, असं ठासून सांगितलं होतं. सभागृहभर गणिताचे लोक होते. त्यांतल्या एकाच्याही डोळ्यांना तो शब्द टोचला नाही. तिच्याही नाही. विधान सपशेल खोटं होतं. शिरोबिंदू खरंच कुठेही नेला तर लाल ठिपकाही कुठेही जाईल, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण पोरांच्या लेखी कुठेही म्हणजे जिथे जिथे जाता येतं तिथे, आणि तिथे तिथे त्यांनी बिंदू नेऊन बघितला होता. त्यांची काही चूक नव्हती. कॉलेजनं पूर्वी एक महागडा प्रोग्रॅम घेतला होता, तो काढून हा मोकळा, कुणीही वापरावा, कुणीही आतून बघावा असा प्रोग्रॅम आणावा म्हणून तीच भांडली होती. विभागप्रमुखांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं होतं की पैसे न घेता कुणी काही देतं म्हणजे कुठेतरी पाणी मुरत असणार, नाही का. तेव्हा तिनं ताठ मानेनं सांगितलं होतं, सर, याचा मुद्दाच तो आहे, यात काही झाकलेलं नसतं. विभागप्रमुख तिच्या पद्धतीला हसत, पण आड येत नसत. पालक येऊन सांगतात की मॅडम शिकवत नाहीत, नुसत्या विचारतात, तर मी त्यांना म्हणतो, अहो, निकाल बघा. एवढंच ते म्हणायचे. निकाल चांगले होते. पोरं आपल्या पायांनी चालत तिच्या उत्तरापर्यंत येत होती आणि पोचल्यावर त्यांचे चेहरे उजळत होते. तो उजेड खरा होता की नव्हता, हे जिना उतरताना तिला ठरवता येईना. कठड्यावरचा हात तिनं काढून घेतला. मग पुढच्या पायरीवर तोल गेल्यासारखं झालं, म्हणून पुन्हा ठेवला.

त्या दिवशी बुधवार होता; शुक्रवारी तिला एक उत्तर द्यायचं होतं. रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर, दुसऱ्या शहरात, कॉलेजच्या शिक्षकांना शिकवणारं एक नवं केंद्र निघत होतं. त्याच्या संचालिकेनं तिला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. अशाच फाइली बनवायच्या, अशीच पद्धत इतरांना दाखवायची, राहायला एक खोली. संचालिका तुटक बोलणारी बाई होती. तिनं फोनवर सांगितलं होतं की हो किंवा नाही, एवढंच कळवा, कारणं नकोत. कारणं ऐकून माझे कान किटलेत. त्या खोलीत आपण एकट्या बसलो आहोत असं चित्र गेले काही दिवस तिच्या डोळ्यांपुढे येत होतं. त्यात टेबल होतं, दिवा होता, भिंतीला काही लावलेलं नव्हतं. चित्र येई, आणि त्यापाठोपाठ नवऱ्याचा आवाज येई. नवरा दातांचा डॉक्टर. घराच्या खालच्या मजल्यावर त्याचा दवाखाना. रोग्याच्या तोंडात आरसा आणि नळी घालून तो प्रश्न विचारायचा, मुलं कितवीत आहेत, सुट्टीत कुठे जाणार, आणि रोगी "आं आं" करायचा आणि हा समाधानानं मान हलवायचा. घरात यावर कितीतरी वेळा हसून झालं होतं. पण तो तिलाही असंच विचारत असे, तोंड मोकळं असताना. केंद्राचं कळल्यावर त्यानं एका शब्दानंही नाही म्हटलं नव्हतं. उलट छान आहे म्हणाला, आणि मग जेवताना, फिरायला जाताना, दिवा मालवताना एकेक विचारत गेला. आईच्या मोडलेल्या मांडीच्या हाडाचं अजून किती दिवस चालेल असं वाटतं तुला? तुझी पाठ धरते तेव्हा तिथे कोण असेल? तिथली माणसं कशी आहेत ते बघितलंस का? प्रत्येक प्रश्न रास्त होता, आणि प्रत्येकाच्या शेवटी तिच्या उत्तराची वाट बघत तो मान एका बाजूला कलती करायचा, अगदी ती वर्गात करायची तशी. लेक शिकायला बाहेरगावी गेली होती, ती मात्र एका सकाळी बॅग भरून दारात येऊन म्हणाली होती, मी चालले, तिकीट काढलंय. तिला विचारायला कुणाला वेळच मिळाला नाही. तो उद्धटपणा तेव्हा दोघांनाही लागला होता.

पोरगी जन्मली त्या वर्षी तिचं संशोधन अर्ध्यावर होतं. तेव्हाही नवऱ्यानं तिला फक्त विचारलं होतं. तुझे मार्गदर्शक दर आठवड्याला बोलावतात, तुला झेपेल असं वाटतं का? रात्री जागून जे लिहिशील ते तुझ्या मनासारखं उतरेल? त्याच्या आवाजात काळजी होती, ती खोटी नव्हती. दुपारी दवाखाना बंद ठेवून तो बाळाला अंगावर घेऊन झोपायचा. महिनाभर ती प्रश्नांच्या मागोमाग चालत राहिली आणि शेवटी एका संध्याकाळी तिनंच म्हटलं की राहू दे, नंतर बघू. तेव्हा त्यानं तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "बघ, तुझं तूच ठरवलंस." किती हलकं वाटलं होतं. हा माणूस वाईट असता तर सगळंच सोपं होतं. आणि त्याच्याही आधी बाबा. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरीही शिकवायचे, पण कधी काही सांगायचे नाहीत. आंघोळीच्या पाण्यात हात घातला की बोट वाकडं का दिसतं, तुला काय वाटतं? ती सांगायची, ते पुढचं विचारायचे, आणि शेवटी उत्तर तिच्याच तोंडून निघालं की तिच्या डोक्यावर टपली मारायचे. तिला प्रश्न विचारायला शिकवलं ते त्यांनी. बारावीनंतर तिला समुद्राचा अभ्यास करायचा होता. कुठल्याशा मासिकात तिनं एका जहाजाचा फोटो बघितला होता. डेकवर एक बाई जाड कोट घालून उभी होती आणि दोरीच्या टोकाला बांधलेलं काहीतरी यंत्र पाण्यात सोडत होती. बाईचा चेहरा दिसत नव्हता. तो अभ्यासक्रम लांबच्या एका बंदराच्या गावी होता. बाबांनी नाही म्हटलं नाही. ते विचारत गेले. तिथे वसतिगृह आहे का? जहाजावर महिना महिना राहायचं म्हणजे नेमकं कसं? तुला उलटीचा त्रास आहे, त्याचं काय करता येईल, काही सुचतं का? आणि ज्याला मुळात गणित आवडतं त्यानं काय करावं, तुझं मत काय? शेवटी तिनं सांगितलं की मी इथेच राहून गणित करते. बाबांचा चेहरा उजळला. तो उजेड तिला अजून आठवत होता, कारण वर्गात पोरांच्या चेहऱ्यावर ती तोच शोधत असे. आमची पोर नाकासमोर चालते, असं ते पाहुण्यांना सांगायचे. नाकासमोर. तिनं रस्त्यात थांबून आपल्या नाकासमोर बघितलं. औषधाचं दुकान, किल्ल्या करून देणाऱ्याची टपरी, पुढे घराचं फाटक. इथे ती डोळे मिटूनही आली असती.

घरी सासूबाई वॉकरला धरून ओट्याशी उभ्या होत्या आणि चहात साखर ढवळत होत्या, डॉक्टरांनी उभं राहायला सक्त मनाई केलेली असताना. सासूबाई कधी कुणाला काही विचारत नसत. त्या सांगत. पंखा बंद कर, तो रंग तुला शोभत नाही, तुझा बाप बोलून बोलून समोरच्याला झोपवायचा. सुरुवातीच्या वर्षांत हे बोलणं ऐकलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. आज त्यांनी तिच्या तोंडाकडे नुसतं बघितलं आणि कप पुढे सरकवला. "माझ्यासाठी राहू नकोस. आणि राहिलीसच तर खापर माझ्यावर फोडू नकोस," त्या म्हणाल्या, आणि वॉकर टक टक करत आपल्या खोलीत गेल्या. चहा गोड मिट्ट झाला होता. ती तो उभ्यानंच प्यायली. डाव्या बाजूच्या दाढेतून कळ गेली, तेव्हा तिला कळलं की तिथे भरलेलं सिमेंट निघून आलंय. जीभ पुन्हा पुन्हा त्या खड्ड्याकडे जात राहिली. वाक्यातला शब्द पुसल्यावर राहिलेल्या जागेकडे डोळे जावेत, तशी.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गाला नवी फाइल दिली. शिरोबिंदूचं बंधन काढायला एक क्लिक पुरली होती. रेघही पुसून टाकली. कागदावर कुठला प्रश्न लिहावा हे न सुचल्यानं कागद तिनं दिलाच नाही. बघा, म्हणाली, काय काय दिसतं ते. पोरांनी बिंदू ओढायला सुरुवात केली आणि लाल ठिपका पडद्यावर सैरावैरा धावत सुटला. कमान नाही, काही नाही, लहान मुलानं भिंतीवर मारलेल्या रेघोट्या. थोड्या वेळानं हात थंडावले. एकानं विचारलं की मॅडम, नक्की शोधायचं काय आहे? पुढच्या बाकावरचा एक शहाणा मुलगा म्हणाला, "जुनी फाइल द्या ना. ती चालत होती." त्यावर कुणी हसलं नाही. खोडरबर मात्र बराच वेळ बिंदू वर-खाली नेत बसली होती. ती जवळ जाऊन उभी राहिली, तेव्हा खोडरबरनं पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "आता खरंच मोकळा आहे?"

"ओढून बघ," ती म्हणाली.

"ओढून काय कळणार? मी ओढीन तिकडे जाईल. पण जिकडे ओढायचं मला सुचलंच नाही, तिकडचं काय? कालपर्यंत आम्हाला वर ओढायचं सुचलंच नव्हतं."

फाइलीत काय लपवलंय ते बघायला पर्याय होता. तो खोडरबरनं आधीच दाबून बघितला असणार. पण आता मुलगी फाइलीबद्दल बोलत नव्हती, हे तिला कळलं. तिच्या घशात एक उत्तर तयार झालं, ते गेल्या कित्येक वर्षांत तिनं वर्गात कधी उच्चारलं नव्हतं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. खोडरबरनं हलकेच मान हलवली आणि शेजारच्या मुलीच्या कानात कुजबुजली, तेवढं तिला ऐकू आलं: मॅडमचं नेहमीचं, माहीत असतं, सांगत नाहीत. तिला त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून सांगावंसं वाटलं की अगं, नाही, या वेळी खरंच. पण 'खरंच' हा शब्दही आता तिच्या पद्धतीत मोडला असता. ती पुन्हा मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. भिंतीवर तिच्या डोक्याच्या उंचीला एक तेलकट डाग पडलेला होता. इतकी वर्षं टेकून टेकून तिनंच पाडलेला. तिनं डोकं टेकवलं तर ते त्याच जागी टेकलं.

शुक्रवारी दुपारी चार वाजता ती दवाखान्याच्या खुर्चीत आडवी झाली, कारण दाढेनं रात्रभर झोपू दिलं नव्हतं आणि चारच्या वेळेचा रोगी आला नव्हता. नवऱ्यानं खुर्ची मागे कलती केली, दिवा चेहऱ्यावर ओढला, आणि तिला त्याच्या मास्कच्या वर फक्त डोळे दिसायला लागले, लवंगेच्या तेलाच्या वासात तरंगणारे, मायाळू. खड्डा खोल आहे, तो म्हणाला, बधिर करतो, दुखायला नको तुला. सुई आत गेली. थोड्या वेळानं ओठाची डावी बाजू जाड झाली, मग हनुवटी, मग अर्धी जीभ परक्या माणसाची होऊन तोंडात पडून राहिली. गिरमिटाचा आवाज कवटीच्या आतून यायला लागला. तिनं खुर्चीच्या हातांवर बोटं दाबून धरली आणि छताकडे बघितलं. छतावर रोग्यांसाठी त्यानं एका टेकडीचं चित्र चिकटवलं होतं, वर जाणाऱ्या पायवाटेसकट. "आज कळवायचंय ना त्या बाईंना?" तो म्हणाला. ती "अं" म्हणाली. "आईला पुढल्या महिन्यात पुन्हा दाखवायचंय, ते तुझ्या लक्षात असेलच." अं. "आणि तिथे गेल्यावर तुला करमेल, असं वाटतं तुला?" अं, ती म्हणाली, आणि त्यानं समाधानानं मान हलवली. काय समजून हलवली कुणास ठाऊक. तिला तेव्हा ती तुटक रेघ दिसली. टेकडीच्या चित्राच्या वर, छताच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि तिच्यावर ओळीनं समुद्र, संशोधन, खोली, दिवा. आपण कधी वर ओढूनच बघितलं नाही. त्यानं नळी बाजूला केली, गुळणी करायला लावली. अर्धं पाणी ओठाच्या कडेनं गळ्यावर ओघळलं. ती पुसायच्या आधीच, जड जिभेनं, दारुड्यासारखं ती म्हणाली, "मी झाणार आहे."

तो हातमोजे काढत होता. हातमोज्याचं एक बोट उलटं अडकलं होतं, ते त्यानं सावकाश सुलटं केलं. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "म्हणून तर सगळं विचारून घेत होतो, तुझ्या मनाची तयारी व्हावी म्हणून. आईसाठी एका बाईंशी बोलूनही ठेवलंय, सकाळ-संध्याकाळ येतील. आईला सांगितलं मी परवाच, की ती जाईल." हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की तिला एकदम त्याचा हात धरावासा वाटला, आणि त्याच क्षणी तिनं मनात दिवस मोजले. परवा म्हणजे बुधवारी. बुधवारी ती चहात टाकलेल्या साखरेसारखी स्वतःच विरघळत होती, तिचं काहीच ठरलेलं नव्हतं, आणि याचं बोलून झालं होतं. मग ते सगळे प्रश्न कुठे नेत होते? 'नको'कडे की 'हो'कडे? ती मागे फिरून एकेक प्रश्न पुन्हा ऐकायला लागली. पाठीचा, माणसांचा, हाडाचा, आणि आता प्रत्येक प्रश्न दोन्ही बाजूंना वळत होता. रेघेला बांधलेला बिंदू आणि आपल्या मर्जीनं त्याच रेघेवरून चाललेला मोकळा बिंदू यांची वाट बघणाऱ्याला एकच दिसते. वाटेवरून काही सिद्ध होत नाही. रेघ सोडून दाखवली तरच. पण ती नाही म्हणाली असती, तर तेही त्यानं आधीच कुणाला सांगून ठेवलेलं नसेल कशावरून? आणि माणसाला लपवलेलं दाखवायचा पर्याय नसतो. निदान तिला तो कुठे असतो ते कुणी विचारून विचारून दाखवलं नव्हतं.

वर येऊन तिनं फोन हातात घेतला, तोच तो वाजला. संचालिका. नमस्कार वगैरे काही नाही, हो की नाही, तेवढं सांगा. तिनं कशीबशी अक्षरं जुळवत सांगितलं की दाढेचं काम झालंय, तोंड बधिर आहे, थोड्या वेळानं कळवते. पलीकडून बाई मोकळेपणानं हसली. "हो असेल तर नुसतं हुं करा, त्याला कुठे तोंड लागतं." तिनं फोन ठेवून दिला. मग न्हाणीघराच्या आरशासमोर उभी राहून तिनं हळूच म्हणून बघितलं. हो. ते निघत होतं, श्वास सोडावा तसं. त्याला जीभ हलवावी लागत नव्हती. मग तिनं नाही म्हणून बघितलं. जिभेचं टोक दातांपर्यंत पोचलं की नाही हेच कळत नव्हतं, आणि शब्दाच्या जागी एक ओला, गिळगिळीत आवाज आला. पुन्हा म्हटलं. पुन्हा तसाच. तिला जायचंच होतं. हो म्हणायचं हे तिनं खुर्चीतच, नाही, त्याच्याही आधी, मासिकातला फोटो बघितला तेव्हाच ठरवलेलं होतं. पण जो शब्द आज तोंडातून निघू शकतो तेवढा एकच आहे, असा हो तिला द्यायचा नव्हता. म्हणून ती न्हाणीघरातल्या स्टुलावर बसून राहिली आणि दर थोड्या वेळानं ओठाला चिमटा काढत राहिली. खिडकीच्या जाळीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती, तिच्यावर ऊन हळूहळू वर सरकत होतं. ऊन वर जातंय, तिच्या मनात आलं, आणि आपण काय मोजायला लागलो याचं तिला हसू आलं; ते एकाच गालावर आलं.

"कुणाला नाही म्हणतेस?" सासूबाईंचा आवाज दाराबाहेरून आला. वॉकरची टकटक थांबली होती. इतक्या वर्षांत त्यांनी तिला विचारलेला बहुधा हा पहिला प्रश्न. "कुणाला नाही," ती म्हणाली, आणि ते शब्द स्वच्छ निघाले. ओठाला मुंग्या येत होत्या. दाढ बारीक ठणकायला लागली होती. तिनं आरशात बघून एकदा मोठ्यानं, स्पष्ट नाही म्हटलं, मग दार उघडून, सासूबाईंच्या बाजूनं वाट काढत खोलीत गेली आणि संचालिकेचा नंबर लावला. "हो," ती म्हणाली. कारण दिलं नाही. पलीकडून बाई बरं म्हणाली आणि फोन बंद झाला. इतकंच. खोली होती तशीच होती. पलंग, कपाट, खुर्चीवर टाकलेली ओढणी. काहीतरी वर जायला हवं होतं, निदान छातीत, असं वाटून ती वाट बघत उभी राहिली.

नवरा हात पुसत दारात आला. फोन झाल्याचं त्याला तिच्या उभं राहण्यावरूनच कळलं असावं. तो नेहमीचं वाक्य म्हणणार हे तिला माहीत होतं. तिनं खांदे आवळून घेतले. पण आज त्यानं सुरुवातीचं 'बघ' म्हटलं नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, खोडरबर त्या करड्या रेघेकडे बघत होती तसा, आणि मग म्हणाला, "तुझं तूच ठरवलंस ना?" त्याचा आवाज शेवटी किंचित वर चढला. मान कलती झाली नाही. त्याला उत्तर माहीत नव्हतं. त्यानं या घरात तिला विचारलेल्या इतक्या प्रश्नांमध्ये हा एकच असा होता, ज्याचं उत्तर विचारणाऱ्याजवळ नव्हतं, आणि तो आता विचारला गेला होता. तिनं आठवून बघितलं. खुर्ची, समुद्र, बाबांची टपली, फळ्यावरची चार भोकं. काहीतरी सांगायचं होतं, ते जिभेच्या टोकाशी आलंही होतं. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तो पटकन पुढे झाला, आणि सवयीनं त्याचा हात खिशातल्या, रोग्यांचे दात बघायच्या छोट्या टॉर्चकडे गेला.